साखरेच्या पाण्यात बटाटा ताठ कसा राहिला?

लेकीच्या अकरावीच्या प्रयोगासाठी खानापुरात घरीच बटाट्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. एका पेल्यात पाच टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्यात पाच टक्के साखरेचं. दोन तासांनी मिठातली पट्टी चिंधीसारखी लोंबायला लागली. साखरेतली मात्र ताठ, वाकवली की कट्कन मोडणारी! लेक रडकुंडीला आली. "आई, साखर पाणी ओढत नाही का गं?"

ओढते की! पण मी वजन सारखं घेतलं होतं, कणांची संख्या नव्हे. साखरेचा एक मोल, म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या, 342 ग्रॅमचा, मिठाचा 58.5 चा. शिवाय मीठ विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असं वेगळं होतं. म्हणजे तेवढ्याच वजनात मिठाचे कण जवळजवळ बारापट. आमचं साखरेचं पाणी बटाट्याच्या पेशीरसाहून सौम्यच निघालं, म्हणून पाणी उलट पेशीत शिरलं.

मग दोन्हीकडे कणांची संख्या सारखी ठेवायचं ठरवलं, पण घरचा काटा इतकं बारीक दाखवत नाही. ओळखीच्या सोनाराकडून 1.17 ग्रॅम मीठ आणि 13.7 ग्रॅम साखर तोलून आणली, प्रत्येकाचं 100 मिलीलीटर द्रावण केलं. सकाळी पाहिलं तर दोन्ही पट्ट्या सारख्याच मऊ पडलेल्या. लेकीने त्या बोटावर लोंबवून पाहिल्या आणि लगेच वही उघडली.