गावात राहून मित्रांना सायकलचा आणि वाईनचा नाद कसा लावायचा

गावाकडच्या माणसाला एखादा नाद लागला ना, की पैशाच्याही आधी सोबतीची अडचण येते. शहरात सायकलवाल्यांचे ग्रुप तयारच असतात, वाईन चाखायची म्हटलं की लोक सरळ नाशिकला निघतात. इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस-नेर पट्ट्यात धडधाकट माणूस सायकलवर दिसला की पहिला प्रश्न, "काऊन बे, गाडी इकली काय?" आणि वाईन म्हटलं की लोकांना वाईन शॉप आठवते, द्राक्षं नाही आठवत. त्यामुळे इथे सोबत आयती मिळत नाही, एकेक माणूस धरून तयार करावी लागते. पण होते तयार, हे अगदी खात्रीनं सांगतो, आणि एकदा झाली की मग ती वर्षानुवर्षं टिकते कारण गावात माणसं कुठे जातात, रोज त्याच पारावर भेटतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट बंद करा, फायदे सांगणं. सायकलनं पोट कमी होते, शुगर कंट्रोलमध्ये येते, पेट्रोल वाचते, हे सगळं समोरच्याला माहीत आहे आणि डॉक्टरनं पण सांगून झालंय. तुम्ही तेच बोललात की त्याला वाटते हा मला जाडा म्हणून राहिला. त्यापेक्षा एखादं काम सांगा. "उद्या सकाळी फाट्यावर आलुबोंडा खायला जाऊ, सायकलनं जाऊ, येतो काय?" एवढंच. माणूस खायला येतो, सायकल सोबत येऊन जाते.

आणि कोणाला विचारायचं ते पण बघा. सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही, अंगठे येतात पण माणसं नाही येत. एकच माणूस धरा, ज्याला सकाळी उठायची सवय आहे असा. दूधवाला मित्र, मळ्यात ओलिताला जाणारा, मास्तर. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याला सकाळी साडेपाचला उठवायचं म्हणजे दोघांचाही जीव जातो, त्याला संध्याकाळच्या वाईनसाठी राखून ठेवा.

वेळ शेतीच्या हिशोबानं पकडायची, हे तर आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं. मृग लागला की पेरणीच्या धांदलीत कोणालाच विचारू नका. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी, मळणीयंत्राचा नंबर, मग कापसाचा वेचा आणि मजूर मिळत नाहीत म्हणून डोकं आधीच तापलेलं, तेव्हा "चल फिरायला" म्हटलं की माणूस चिडतो आणि बरोबरच आहे त्याचं. चांगला काळ म्हणजे डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. तूर कापून झालेली असते, थंडी असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, बांधावर कुठेही थांबलं तरी खायला मिळते, आणि फेब्रुवारी संपता संपता पळस फुलायला लागतो तेव्हा तर नको म्हणणारा माणूसही येतो. उन्हाळ्यात पण जमते पण मग साडेपाचला निघून साडेसातला घरात, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे हौस चालत नाही. पावसाळ्यात फक्त डांबरी. काळ्या मातीत सायकल घातली की चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मधात असा बसतो की चाक फिरणंच बंद होते आणि मग सायकल खांद्यावर. नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी दाखवलं तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

पहिली राईड

सायकल त्याची नसणारच, म्हणून ती तुम्ही तयार करून द्यायची. नवीन घ्यायला लावू नका. गावात बऱ्याच घरी मानव विकास या सरकारी योजनेतून पोरींना मिळालेली सायकल असते, पोरगी कॉलेजला गेली की ती गोठ्यात उभी राहते धूळ खात. ती काढायची, पुसायची, चेनला तेल द्यायचं, ब्रेकचे रबर पाहायचे, हवा भरायची. बघा, अर्ध्या लोकांना सायकल जड वाटते ती निव्वळ हवा कमी असल्यानं. आणि सीट. आपल्याकडे सगळेच सीट पार खाली ठेवून चालवतात कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत, पण मग गुडघे छातीपर्यंत येतात आणि दोन किलोमीटरवर मांड्या भरून येतात. मित्राला सायकलवर बसवा, तुम्ही हँडल धरून उभे राहा, त्याला म्हणा पेडलवर टाच ठेव आणि पेडल एकदम खाली ने. पाय सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर सीट वर घ्या, थोडी थोडी करून. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात बारीकसा बाक राहतो, तेवढा बरोबर. त्याला आधी भीती वाटेल, "पडतो ना बे" म्हणेल, घरासमोरच्या रस्त्यावर दोन चकरा मारू द्या. तिसऱ्या चकरेत त्याच्या चेहऱ्यावर दिसते, की अरे, ही तर पळते. या पाच मिनिटांत जे काम होते ते तासभर समजावून होत नाही.

रस्ता निवडताना तुमची आवड बाजूला ठेवा. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, डांबरी, ट्रक नसलेला, शेवटी काहीतरी खायला किंवा पाहायला. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीवर असा रस्ता मिळाला तर एकदम मस्त, थकल्यावर वारा ढकलत आणतो. चढ असला तर जातानाच पाहिजे. समृद्धी महामार्गाचं नाव काढू नका, तिथे सायकलला परवानगी नाही, मोटरसायकलला पण नाही. धरणाची पाळ चांगली पडते, आमच्याकडे अडाण, अरुणावती, बेंबळा आहेत, हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक दिसतात, फक्त कच्च्या रस्त्यावर सराटे आणि बाभळीचे काटे असतात म्हणून पंचरचं सामान जवळ पाहिजेच: पॅच, सोल्युशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप. गावातलं पंचरचं दुकान सकाळी सहाला उघडत नाही.

चालवताना तुम्ही मागे राहा. हा नियमच समजा. पुढे गेलात की तो तुमच्या मागे धापा टाकत येतो आणि मनात म्हणतो आपल्याच्यानं नाही होत बावा. मागे राहिलात की स्पीड तो ठरवतो, बोलत बोलत जाता येते, आणि बोलता येत असलं म्हणजे स्पीड बरोबर आहे. गिअर असले तरी पहिल्या दिवशी गिअरवर लेक्चर नको, सोप्या गिअरवर टाकून द्या आणि विसरून जा म्हणा. पाणी मात्र आठवण करून करून पाजा, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट नाही पाहायची. परतीला अंधार होणार असला तर मागे लाल लाईट पाहिजे, ऊस आणि कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री चालतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसते, आपण तरी दिसलं पाहिजे.

अजून एक. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, काय असते, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर करावे लागतात, हे तुम्हाला माहीत असलं आणि कितीही सांगावंसं वाटलं तरी पहिल्या महिन्यात नाही सांगायचं. ज्यानं आज दहा किलोमीटर केले त्याला ते दहा मोठे वाटू द्या.

लोक बोलणारच. फाट्यावर चहावाला विचारतो, पानठेल्यावरचे हसतात. एकट्याला ते लागते, दोघं असले की अर्धं होते, आणि तिघं-चौघं झाले की तेच लोक विचारतात, "कितीची आहे गा सायकल?" म्हणून पहिल्या दिवसापासूनच सोबत जाणं आणि सोबतच परत येणं, मधात कोणाला सोडून पुढे निघून जायचं नाही. बायकांच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट खरी आहे. वहिनी शाळेत असताना सायकल चालवत होती, लग्नानंतर सुटली, अशा घरोघरी आहेत. एकट्या वहिनीला म्हटलं तर ती नाहीच म्हणणार, शेजारच्या दोघी-तिघींना सोबत विचारा, बचत गटातल्या असल्या तर अजून चांगलं, आणि वेळ त्यांना ठरवू द्या कारण सकाळचं पाणी, डबे, हे सगळं तुम्हाला दिसत नाही.

आता वाईन

इथे जरा सांभाळून. वाईन म्हणजे दारूच, १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, द्राक्षाचा रस म्हणून कोणाच्या गळी उतरवू नका. आपल्या भागात दारूनं घरंच्या घरं बसलेली पाहिली आहेत आपण सगळ्यांनी. ज्या मित्रानं सोडली आहे त्याच्यासमोर बाटली काढायची नाही, आग्रह करायचा नाही, एकदाही नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, तिकडे पाहुणे म्हणून जाताना बाटली बॅगेत टाकायची नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली होती ती २०२१ मध्ये उठली. बाकी ठिकाणी पण प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा दुकानावरच मिळतो. आणि सायकल आणि वाईन एका वेळी नाही, म्हणजे सायकल आधी, घरी येऊन आंघोळ, मग संध्याकाळी वाईन, उलटं कधीच नाही.

ज्यांना चालते त्यांच्यासाठी मात्र पद्धत सोपी आहे. चौघं जण, एक बाटली, ७५० मिलीची. तळाशी थोडी थोडीच ओतायची, साठ मिली धरा, म्हणजे बारा वेळा होते. आपल्याकडे पेग भरल्यासारखा ग्लास भरतात आणि सोडा मागतात, ते होऊ द्यायचं नाही आणि त्यावर हसायचं पण नाही, गुपचूप आधीच तुम्ही ओतून ठेवा. स्टीलचा ग्लास नको, त्यात रंग दिसत नाही आणि वास बसत नाही. तोंडाशी निमुळता होणारा कोणताही काचेचा ग्लास चालतो.

सगळ्यात मोठी गडबड गरमीची. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी असं वाचतात लोक, पण ती रूम युरोपातली, १६ ते १८ डिग्रीची. आपल्या खोलीत एप्रिलमध्ये ३८ असते, त्या वाईनचा नुसता अल्कोहोलचा भपका येतो आणि मित्र म्हणतो हे तर औषध आहे. रेड असली तरी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाईट तर दोन-तीन तास. लाईट गेली असली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत थंड होते. नुसत्या बर्फात होत नाही एवढी लवकर, पाणी पाहिजेच.

मग वास. ग्लास हलवायचा, नाक घालायचं आणि विचारायचं "काय आठवते?" उत्तर तुम्ही सांगू नका. पुस्तकातली नावं, ब्लॅकबेरी न् काय काय, आपल्यापैकी कोणी ते खाल्लेलंच नाही. थांबा जरा. कोणी म्हणते जांभूळ, कोणी म्हणते पेरू, एकजण म्हणाला पहिल्या पावसातली बैलगाडी, आणि खरंच त्या शिराझ नावाच्या रेड वाईनमध्ये तसलाच ओल्या लाकडाचा वास होता, सगळ्यांनी परत परत नाक घातलं. त्या क्षणी ती वाईन त्यांची होते. मग कोणी सोडा मागत नाही.

सोबत खायला काय हे आपल्या जेवणातून ठरवा. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात, म्हणून सावजी रस्सा आणि जाड रेड वाईन सोबत घेतली तर नुसती आग. तिखट असलं की थंड, किंचित गोडसर व्हाईट घ्या, चेनिन ब्लांक नाशिकची सहज मिळते, पाटोडी किंवा भज्यांसोबत छान लागते. रेड ठेवायची ती चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरतासोबत, मिरची बेतानं घालून. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस राहते, संपवायचीच असा हट्ट नको.

आणि जे पीत नाहीत त्यांना बाजूला बसवून शेंगदाणे देऊ नका. हाच चाखण्याचा खेळ संत्र्यावर करा. वरुड-मोर्शीकडून हिवाळ्यात आंबिया बहाराची येतात, फेब्रुवारीनंतर मृग बहाराची (बहार म्हणजे झाड फुलायचा हंगाम), दोन बहारांत किती फरक आहे ते आपण संत्र्याच्या मुलखात राहून कधी नीट चाखून पाहिलेलं नसते. हंगामाच्या सांध्यावर दोन्ही मिळाली तर साल काढून फोडी वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवा, कोणती कुठली ते सांगू नका, आधी वास, मग चव, आंबट किती, गोड किती, बिया किती. घरातली म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळी बसतात यात, आणि आजीची जीभ तुमच्या-माझ्यापेक्षा तयार निघते हे लिहून घ्या.

नाद लागला की तो तुमच्यासारखाच लागेल असं धरू नका. सायकलवर आलेला एक मित्र आता धरणावर पक्षीच पाहत बसतो, वीस किलोमीटर पण करत नाही. दुसऱ्याला चालवण्यापेक्षा खोलून दुरुस्त करण्यात मजा येते, गावातल्या सगळ्या पोरींच्या सायकलींचे ब्रेक आता तोच कसून देतो. त्याला रेटून राईडला नेण्यात काही अर्थ नाही, उलट निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या सायकली त्याच्याच अंगणात लावा.

तिसरा-चौथा माणूस त्यांनी स्वतःहून आणला की तुम्ही रस्ता ठरवणं सोडून द्या. त्यांना ठरवू द्या, चुकीचा ठरवला तरी जा सोबत, फक्त पंप आणि पॅच तुमच्या पिशवीत ठेवा.