झणझणीत आणि तिखट

परदेशात उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेच्या वर्बलसाठी, म्हणजे इंग्रजीच्या भागासाठी, मी दोनशे पानी वही घातली होती. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द. गॅरुलस: बडबड्या. लोक्वेशस: बडबड्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंग. पाठांतराची सवय होती, म्हणून तेच केलं. मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या अभ्यासिकेत कूलरसमोरची खुर्ची मिळावी म्हणून तर्री-पोहे खाऊन सकाळी सातलाच हजर व्हायचो.

पहिल्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, सेंटेन्स इक्विव्हॅलन्सने पाडलं. या प्रकारात एक वाक्य, एक रिकामी जागा आणि सहा पर्याय असतात. त्यांतले असे दोन निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. एक बरोबर आणि एक चूक असेल तर अर्धा गुण नाही, काहीच नाही. वाक्याचा आशय असा होता: सभेत तासन्‌तास बोलणारे ते गृहस्थ पत्रं मात्र अगदी ___ लिहीत. पर्याय: लॅकोनिक, गॅरुलस, कँडिड, टर्स, लोक्वेशस, इलेजिबल.

वहीतली बडबड्यांची जोडी दिसली आणि मी डोळे झाकून टिक केली. शेजारचा मित्र म्हणाला, "काहून बे, वाक्य वाचलंच नाही का?" खरंच नव्हतं वाचलं. सगळा प्रश्न त्या 'मात्र'वर उभा होता. समानार्थी जोडी दिसली म्हणजे उत्तर सापडलं, असं नसतं. पेपर काढणारा एक जोडी मुद्दाम फसवायला ठेवतो. कँडिडही (मनमोकळं) वाक्यात खपून जातो, पण त्याला जोडीदार नाही, म्हणून तो बाद.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. लॅकोनिक म्हणजे मोजकं, टर्समध्ये थोडा तुटकपणा. मग हे समानार्थी कसे, म्हणून बरोबर जोड्याही सोडायला लागलो. डोक्यात प्रकाश पडला तो सावजीच्या ताटावर. 'रस्सा झणझणीत आहे' म्हणणारा आणखी एक वाटी मागतो, 'तिखट आहे' म्हणणारा पाणी. पण 'लहान मुलांना देऊ नका, रस्सा ___ आहे' या वाक्यात दोन्ही शब्द बिनधास्त चालतात. कौतुक की तक्रार, याच्याशी त्या वाक्याला घेणंच नाही. तसंच त्या पत्रांचं. तिथे फक्त लांबीचा मुद्दा आहे, म्हणून लॅकोनिक आणि टर्स एकच. त्याच वाक्यात 'वाचणाऱ्याच्या मनाला लागेल इतकी' असं असतं, तर लॅकोनिक गळला असता.

म्हणून पर्याय बघण्याआधी रिकाम्या जागेत स्वतःचा शब्द घाला, मराठीत घातला तरी चालतो. मग कच्च्या कागदावर अधिक किंवा उणे लिहा: वाक्य कौतुक करतंय की नाव ठेवतंय? फ्रूगल आणि पार्सिमोनियस दोघंही पैसा जपतात, पण पहिला काटकसरी आणि दुसरा चिक्कू. शेवटी दोन्ही शब्द आळीपाळीने घालून अख्खं वाक्य मनात वाचा. दोन वेगळ्या माणसांची चित्रं उभी राहिली, तर जोडी चुकली.

ओळखीच्या शब्दांपासून जास्त सावध राहा, त्यांचा वेगळाच अर्थ विचारतात. चेक म्हणजे आवर घालणं, अरेस्ट म्हणजे थोपवणं, क्वालिफाइड कौतुक म्हणजे हातचं राखून केलेलं. एनर्व्हेट 'एनर्जी'सारखा दिसतो, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. मी याच्यावर तीनदा आपटलो.

वेळेचं थोडक्यात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली आहे: वर्बलचे एकूण २७ प्रश्न, पहिल्या विभागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही कोरा सोडू नका. अडलेला प्रश्न मार्क करून त्याच विभागात परत येता येतं.

वही मी फेकली नाही, नव्याने भरली. शब्दापुढे आता अर्थाऐवजी माणूस. फ्रूगलसमोर आजी, जिने संत्र्याच्या सालीसुद्धा वाळवून ठेवल्या. पार्सिमोनियससमोर आमचे घरमालक, जे भर मे महिन्यात रात्री दार वाजवून कूलर बंद करायला लावायचे. परीक्षेत दोन्ही शब्द आले नाहीत.