मीटरवर २३० व्होल्ट, वेब सर्व्हिसमधून (नेटवर्कवरून आकडे देणाऱ्या प्रोग्रॅममधून) मात्र शून्य?

मॉडबस (यंत्रांमधली माहिती देवाणघेवाणीची पद्धत) वापरणारा वीजमीटर गेटवेमार्फत, म्हणजे मधल्या दुभाषी उपकरणामार्फत, बिल्डिंगच्या सिस्टिमला जोडला की हा घोळ होऊ शकतो. लगेच कोड उकरत बसू नका, तो निर्दोष असू शकतो.

१. गेटवेमधून व्होल्टेजची दोन्ही रजिस्टर (मीटरमधले आकडे ठेवायचे कप्पे) कच्ची, हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) वाचा.

२. फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायच्या पद्धतीत) २३० म्हणजे ४३६६ ००००; एका रजिस्टरमधले चार अंक म्हणजे एक शब्द (वर्ड). व्होल्टेज थोडं हललं तरी पहिला शब्द ४३ नेच सुरू होतो. तो दुसऱ्या जागी दिसला तर क्रम उलटा आहे. गेटवेत वर्ड स्वॅप (शब्दांची अदलाबदल) चालू करा.

३. ४३ कुठेच नाही? रजिस्टरचा पत्ता (क्रमांक) एकाने कमी करून पाहा. मॅन्युअलमधलं ४०००१ तारेवर, म्हणजे प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशात, ० असतं.

हे सगळं करताना रजिस्टर फक्त वाचा, त्यांत काही लिहू नका. चुकीच्या पत्त्यावर लिहिलंत तर भलताच पंखा सुरू व्हायचा.