एअर रॅचेट घेताय? आधी टाकीतल्या हवेचा हिशोब करा

एअर रॅचेट म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा रॅचेट पाना. त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा धरली की निवड हमखास चुकते. हाताने सैल केलेला बोल्ट भराभर बाहेर काढायचा आणि बोटांनी आट्यात धरवलेला बोल्ट भराभर आत न्यायचा, एवढंच त्याचं काम. अल्टरनेटरचा ब्रॅकेट, स्टार्टर, वॉटर पंप, रेडिएटर फॅन, इंजिनाखालचं कव्हर अशा जागी हाताचा रॅचेट एका वेळी दोन-तीन दातच सरकतो आणि एकेका बोल्टपायी मनगट दुखून येतं. तिथे हे हत्यार खरं उपयोगी पडतं. चाकाचे नट, सस्पेन्शनचे गंजलेले बोल्ट, क्रँक पुलीचा बोल्ट ही कामं लांब दांड्याची किंवा इम्पॅक्ट गनची. ती रॅचेटवर लादली तर डोक्यातली खीळ (दातांत अडकणारा छोटा तुकडा) आधी तुटते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घरी कॉम्प्रेसर नसेल आणि केवळ या रॅचेटसाठी तो घ्यायचा विचार असेल, तर बॅटरीवरचा १२ व्होल्टचा रॅचेट बघा. वर्षातून चार-पाच वेळा गाडीखाली शिरणाऱ्याला तो पुरतो, पाइप ओढत फिरावं लागत नाही. कॉम्प्रेसर आधीच असेल, टायरची हवा, फिल्टर झाडणं, रंग मारणं यासाठी तो वापरात असेल, तर मात्र एअर रॅचेट स्वस्तात पडतो आणि बरीच वर्षं चालतो.

हवेचा हिशोब

दुकानात रॅचेटच्या खोक्यावर ‘४ सीएफएम’ (मिनिटाला चार घनफूट हवा) असं लिहिलेलं दिसतं. बहुतेक कॅटलॉगांत हा सरासरी आकडा असतो आणि मिनिटातून पंधरा सेकंदच हत्यार चालेल असं धरून तो काढलेला असतो. म्हणजे लिव्हर दाबून धरली की प्रत्यक्षात चौपट, साधारण १६ सीएफएम हवा जाते. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर. १६ सीएफएम म्हणजे मिनिटाला ४५० लिटर, सेकंदाला साडेसात.

आता एक बोल्ट घ्या. एम८ (८ मिलिमीटर जाड), आट्यांची लांबी २५ मिलिमीटर, पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२५. तो पूर्ण बाहेर यायला २० फेरे लागतात. २०० आरपीएमच्या रॅचेटला त्यासाठी सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात ४५ लिटर हवा खर्च होते. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर उतरली की तिने १०० लिटर हवा दिलेली असते. म्हणजे दोन बोल्ट झाले की मोटर चालू होणार. २५ लिटरच्या टाकीवर एकच बोल्ट.

ऐकायला हे फार वाटतं, पण घरच्या कामात निभतं. दोन एचपीचा साधा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात ५ सीएफएमच्या आसपास हवा देतो, म्हणजे मिनिटाला १४० लिटर. ४५ लिटर भरून यायला वीस सेकंद. पुढचा बोल्ट हाताने सैल करून गोटी (सॉकेट) बसवेपर्यंत तेवढा वेळ जातोच. म्हणून आमची शिफारस दोन एचपी आणि ५० लिटर टाकी. एक एचपी, २५ लिटरवर काम होतं, पण दर बोल्टला थांबावं लागतं आणि उन्हाळ्यात कॉम्प्रेसर तापतो. कॉम्प्रेसरच्या पाटीवर जो सीएफएम असतो तो बऱ्याचदा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष हवा त्याच्या ६० ते ७० टक्के मिळेल असं धरून चला, किंवा दुकानदाराला ‘फ्री एअर डिलिव्हरी किती?’ असं थेट विचारा.

सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला छोटा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर दुपारी थर्मल ट्रिप होऊन बंद पडतो, त्याचं कारण हेच. असे बरेच कॉम्प्रेसर अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद या हिशोबाने बनवलेले असतात. उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत उरका आणि कॉम्प्रेसर भिंतीपासून फूटभर लांब, सावलीत ठेवा. शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. हवेतला कापसाचा तूस कॉम्प्रेसरच्या इनटेक फिल्टरवर थर धरतो आणि हवा भरायला लागणारा वेळ नकळत वाढत जातो. फिल्टर महिन्यातून एकदा काढून झाडा.

किती सुताचा घ्यायचा

तीन सूत, म्हणजे ३/८ इंच. घरच्या गाडीसाठी एकच घ्यायचा असेल तर हाच.

पाव इंचाचा रॅचेट डॅशबोर्ड, एअर फिल्टर बॉक्स, व्हॉल्व्ह कव्हर इथे सुंदर चालतो, पण १४ नंबरच्या बोल्टशी त्याचं जमत नाही. अर्ध्या इंचाचा घेतला तर डोकं जाड होतं आणि ताकद मात्र त्या मानाने थोडीच वाढते, कारण बऱ्याच मॉडेलांत आतली मोटर तीन सुतातलीच असते. ज्या अडचणीच्या जागेसाठी हत्यार घ्यायचं तिथेच ते शिरणार नसेल तर काय उपयोग?

टॉर्कचे आकडे समजून घ्या. तीन सुताचे चांगले रॅचेट ५० फूट-पाउंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटरच्या आसपास देतात. ८.८ ग्रेडच्या एम६ बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरतात, एम८ ला २५, एम१० ला ५० च्या जवळपास. म्हणजे रॅचेटची पूर्ण ताकद लागली तर एम६ बोल्ट सहापट जास्त आवळला जाईल. ॲल्युमिनिअमच्या कव्हरमधले आटे त्याच्या किती तरी आधी निघून येतात. त्यामुळे खोक्यावरचा मोठा टॉर्क बघून हुरळायचं कारण नाही. वेगाचंही तसंच. १५० ते २५० आरपीएम पुरे. ४०० च्या पुढचे छोटे रॅचेट येतात, पण बोल्टचं डोकं टेकल्यावर लिव्हर सोडायला त्यात सवड मिळत नाही. हात बसल्याशिवाय ते नकोत.

डोक्याची जाडी स्वतः मोजा

ही मोजणी सहसा कोणी करत नाही आणि खरा पश्चात्ताप इथेच होतो. गाडीतली सगळ्यात अडचणीची जागा शोधा. बहुतेक छोट्या गाड्यांत ती अल्टरनेटरचा खालचा बोल्ट किंवा स्टार्टरचा वरचा बोल्ट असते. बोल्टच्या डोक्यापासून समोरच्या पत्र्यापर्यंत किंवा पाइपापर्यंत पुठ्ठ्याची पट्टी घालून ती नेमकी कापा. पट्टी आणि नेहमीची गोटी खिशात टाकून दुकानात जा. रॅचेटच्या चौकोनावर गोटी चढवा आणि गोटीच्या तोंडापासून डोक्याच्या पाठीपर्यंतची उंची पट्टीशी लावून बघा. गोटी बोल्टवर चढताना थोडी जागा लागते, म्हणून पट्टीपेक्षा निदान ५ मिलिमीटर कमी भरली पाहिजे. दिशा बदलायची खुंटी डोक्याच्या पाठीवर असते, तीही या उंचीत धरा.

लांबीत दोन प्रकार मिळतात. साधा २५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, छोटा १५ च्या आतबाहेर. पहिला म्हणून लांबच बरा. हात इंजिनाच्या बाहेर राहतो आणि झटका आला तर सावरता येतो.

दुकानात हातात घेतल्यावर

चौकोन बोटांनी दोन्ही दिशांना फिरवा. एका दिशेने मोकळा, दुसरीकडे लगेच अडला पाहिजे. अडण्याआधी बरंच रिकामं फिरत असेल तर खीळ किंवा दात ढिले आहेत. चौकोन आडवा हलवून बघा, खडखड नको.

मग हवा जोडून बघा, आणि जोडून न दाखवणाऱ्या दुकानातून घेऊ नका. लिव्हर न दाबता फुसफुस ऐकू आली तर व्हॉल्व्ह गळतोय. लिव्हर अर्धी दाबल्यावर वेग अर्धा झाला पाहिजे. नुसता चालू-बंद होणारा रॅचेट आटे खातो. हवा बाहेर कुठे सुटते तेही बघा. मागून सुटणारी उत्तम. पुढून सुटत असेल तर गाडीखाली झोपल्यावर सगळी धूळ डोळ्यांत जाते.

शेवटी स्पेअर किट विचारा. व्हेन (मोटरमधल्या पात्या), खीळ, स्प्रिंग यांचं किट मिळतं का? सोलापूरच्या चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना न्यूमॅटिक सामान पुरवणाऱ्यांकडे याचं उत्तर लगेच मिळतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या रॅचेटचं किट सहसा कुठेच मिळत नाही, मग पाचशेच्या भागापायी पूर्ण हत्यार भंगारात जातं.

जोडणी

आपल्याकडची फिटिंग बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांची, बाहेरून आलेल्या बऱ्याच रॅचेटांचं तोंड एनपीटी (अमेरिकन मापाचं). पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन फेरे नीट जातात, मग घट्ट होतं आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळतं. जोर लावला तर रॅचेटचंच तोंड खराब होतं. घेतानाच जुळणारं निपल सोबत मागून घ्या.

कॉम्प्रेसरबरोबर येणारा ८ मिलिमीटरचा गुंडाळीचा पीयू पाइप आतून ५ मिलिमीटरच असतो. टायरला तो चालतो, रॅचेटचा त्यात जीव गुदमरतो: गेज ६ बार दाखवतं आणि हत्यारापाशी चारच पोहोचतात. आतून ८ ते १० मिलिमीटरचा, दहा मीटरपर्यंतचा सरळ पाइप घ्या. कॉम्प्रेसर १५ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. वायर लांबवायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. त्याहून हवेचा पाइप लांबवलेला बरा, बारीक वायरीवर मोटर सुरू होतानाच गुरगुरते.

वापरताना

१. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे.

२. लिव्हर दाबून, हत्यार चालू असताना रेग्युलेटरवर ६.२ बार (९० पीएसआय) दिसतात का बघा. आवळताना ३ ते ४ बारवर उतरवा.

३. बोल्ट आधी हाताच्या दांड्याने सैल करा. रॅचेट बंद ठेवून त्याचाच दांडा म्हणून वापर करू नका.

४. परत लावताना निदान तीन आटे बोटांनी धरवा. वाकडा धरलेला बोल्ट हाताला लगेच कळतो, हवेला कळत नाही.

५. डोकं टेकलं की थांबा. शेवटचा ताण टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार. स्पार्क प्लग आणि चेंबरचा (इंजिन ऑइलच्या तळभांड्याचा) ड्रेन प्लग पूर्णपणे हातानेच.

साध्या रॅचेटमध्ये बोल्ट टेकला की उलटा झटका हत्याराला बसतो आणि दांडा फिरतो. दांडा आणि चेसिस यांच्यात बोटं अडकली तर चिरडतात. म्हणून पकडताना विचार करा: हा दांडा आत्ता फिरला तर कुठे आदळेल? त्या बाजूला हात नको. झटका न देणारे, आत छोटा हातोडा असलेले रॅचेटही मिळतात. ते महाग असतात, आवाज जास्त करतात आणि त्यांना काळ्या इम्पॅक्ट गोट्या लागतात.

दुसरा धोका नवख्यांना माहीत नसतो. बोल्ट बाहेर येतो तसा तो रॅचेटला मागे ढकलतो. मागे रेडिएटर किंवा एसीचा कंडेन्सर असेल आणि बोल्टची लांबी मोकळ्या जागेपेक्षा जास्त असेल, तर डोकं बोल्ट आणि जाळी यांच्यात पाचरीसारखं आवळलं जातं. गोटी निघत नाही, बोल्ट फिरत नाही, आणि दिशेची खुंटी नेमकी जाळीला दाबली गेल्यामुळे उलटही फिरवता येत नाही. कंडेन्सरच्या पातळ नळ्या तेवढ्याने फुटतात. अशा जागी आधी मागची जागा मोजा, निम्मे आटे रॅचेटने काढा आणि उरलेले रिंग पान्याने.

तेल, पाणी आणि बिघाड

दर वेळी सुरू करण्याआधी हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार थेंब. काम संपल्यावर पुन्हा तेवढेच, आणि पाच सेकंद रिकामं फिरवा. इंजिन ऑइल घालू नका. ते जाड असतं, व्हेन चिकटतात. अडीअडचणीला शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. डोक्याला ग्रीसचं निपल असेल तर तिथे अधूनमधून थोडं ग्रीस.

हवा दाबली की तिच्यातलं बाष्प टाकीत पाणी होऊन साठतं. सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, म्हणून टाकीखालची चावी उघडायची सवयच राहत नाही, आणि सप्टेंबरच्या पावसात ते पाणी थेट रॅचेटमध्ये जातं. दर कामानंतर चावी उघडून टाकी रिकामी करा. रेग्युलेटरजवळ पाणी गाळणारा फिल्टर लावला तर आणखी बरं.

रॅचेट मंद झाला तर आधी तोंडातली बारीक जाळी काढून बघा, बहुतेक वेळा टेफ्लॉनचे तुकडे तिथेच अडकलेले असतात. जाळी स्वच्छ असेल तर दहा थेंब तेल घालून, थोडा वेळ थांबून चालवा. सुकलेल्या व्हेन त्याने मोकळ्या होतात. तरीही फरक नसेल तर व्हेन झिजल्या आहेत. मोटरचा आवाज येतो पण चौकोन फिरत नाही, किंवा एकाच दिशेने फिरतो, तेव्हा खीळ किंवा तिची स्प्रिंग गेलेली असते. डोकं उघडायला सर्क्लिप प्लायर लागतो. उघडताना वर कापड धरा, कारण खिळीमागची स्प्रिंग आणि छर्रा उडून जातात आणि छर्रा हरवला तर सुटा सहसा मिळत नाही, पूर्ण किट घ्यावं लागतं.