फायबरसाठी खांब आणि परवानग्या : लहान इंटरनेट सेवादारांसाठी कामाचा क्रम

फायबरच्या कामात केबल आणि मजुरी यांचा अंदाज बहुतेकांना बांधता येतो; वेळापत्रक कोलमडते ते परवानग्यांपायी. म्हणून नकाशावर मार्ग पक्का करण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक खांब आणि रस्त्याचा प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा आहे, हे शोधून लिहून ठेवावे. एकाच रस्त्यावरचे काही खांब वीज कंपनीचे, काही दूरध्वनी कंपनीचे, तर काही नगरपालिकेचे असू शकतात, आणि मालक बदलला की कायद्याचा आधारही बदलतो. अमेरिकेत खासगी वीज व दूरध्वनी कंपन्यांना संघीय कायद्यानुसार आपले खांब इतरांना वापरू द्यावे लागतात, मात्र सहकारी संस्थांच्या आणि सरकारी खांबांना हे बंधन लागू नाही; भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील राईट ऑफ वे (म्हणजे इतरांच्या जागेतून किंवा रस्त्यालगत केबल नेण्याच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत.

मालक कळल्यावर खांबांची पाहणी स्वतः करावी. मालकाकडील जुन्या नोंदींवर विसंबू नये. खांबाचा क्रमांक, उंची, त्यावरील प्रत्येक केबल जमिनीपासून किती वर आहे आणि दोन खांबांच्या मधोमध तिचा झोळ किती आहे, हे मोजून छायाचित्रांसह नोंदवावे. वीजतारा वर आणि दूरसंचाराच्या केबली खाली, असा सर्वसाधारण क्रम असतो व त्यांच्यामध्ये सुरक्षित अंतर राखावे लागते. अमेरिकी सुरक्षा संहितेत खांबावरील हे अंतर साधारणपणे ४० इंच आहे. वीजतारेचा झोळ तापल्यावर वाढतो, त्यामुळे सकाळच्या गारव्यात मोजलेले अंतर पुरेसे वाटले तरी ते तसेच गृहीत धरू नये. लाकडी खांब असेल तर जमिनीलगतचा भाग नीट तपासावा, कारण वरून धडधाकट दिसणारा खांब बहुधा तिथेच कुजलेला असतो.

खरा वेळ आणि पैसा जातो तो खांबावरील जुन्या केबली सरकवून नव्या केबलसाठी जागा करण्यात. जुन्या केबली ज्याच्या त्याने येऊन सरकवायच्या म्हटल्या, तर एकाच्या दिरंगाईने सर्वांचे काम अडते. याच कारणाने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१८ मध्ये साध्या स्वरूपाची हलवाहलव नव्या सेवादाराने मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून एकाच फेरीत उरकावी, अशी मुभा दिली. या कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक खांबाच्या मालकाकडून हाती आले की ते ओळीओळीने वाचावे. तुमच्या येण्यापूर्वीच नियमबाह्य असलेल्या केबलींची दुरुस्ती तुमच्या माथी मारली असेल, तर पाहणीतील छायाचित्रे पुढे करून लेखी हरकत घ्यावी. सलग बरेच खांब बदलावे लागणार असतील, तर तेवढ्या टप्प्यापुरता भूमिगत मार्गाचा खर्चही काढून पाहावा.

रस्ता खोदाईची परवानगी स्वतंत्र असते; तिच्यासोबत वाहतूक वळवण्याचा आराखडा, विमा आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठीची अनामत बहुधा लागते. रेल्वेमार्ग, महामार्ग किंवा पूल ओलांडायचा असल्यास तो अर्ज सर्वांत आधी दाखल करावा, कारण तिथे तपासणारे अधिक आणि घाई कोणालाच नसते. सर्व परवानग्या हाती येईपर्यंत केबलची मोठी ऑर्डर देऊ नये, कारण एक खांब नाकारला गेला तरी मार्गाची लांबी बदलते. काम झाल्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या केबलचा नकाशा आणि पूर्ववत केलेल्या रस्त्याची छायाचित्रे लगेच सादर करून अनामत परत मागावी.