जुना डेस्कटॉप, नवा मॉनिटर: अडॅप्टर घेण्याआधी

नव्या मॉनिटरला एचडीएमआय पोर्ट (केबल जोडायची जागा) आणि जुन्या सीपीयूला फक्त निळं, 15 पिनांचं व्हीजीए पोर्ट, अशी जोडी असेल तर दुकानातली सर्वांत स्वस्त केबल उचलू नका. व्हीजीएचा सिग्नल अ‍ॅनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतोच, आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. त्यातही दिशा बघा: ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, उलटी जोडून चालत नाही. दुकानदार ‘दोन्हीकडून चालतं साहेब’ म्हणाला तरी पाकीट वाचा.

त्याआधी सीपीयूची मागची बाजू टॉर्च लावून नीट पाहा. पांढरं डीव्हीआय पोर्ट दिसलं तर काम सोपं: साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते, 1920×1080 व्यवस्थित मिळतं. आवाज मात्र त्यातून येईलच असं नाही. स्पीकरची वायर वेगळी ठेवा. डीव्हीआयमधून व्हीजीए काढायचं असेल, तर आडव्या चपट्या फटीभोवती चार छिद्रं हवीत. ती नसतील तर साधा अडॅप्टर निरुपयोगी.

वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर मॉनिटर कार्डालाच जोडा. कार्ड लावल्यावर मदरबोर्डवरची (मुख्य सर्किट बोर्डावरची) पोर्टं बऱ्याचदा आपोआप बंद होतात, आणि लोक उगाच मॉनिटरला दोष देतात. दोन्हीकडची पोर्टं वापरायची असतील तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ‘मल्टी-मॉनिटर’सारखा पर्याय आहे का ते शोधा. शेवटी मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडा.