आगोटीपूर्वी मिनी ट्रॅक्टरचे पॉवर स्टीअरिंग बघून घ्या

आंब्याची काढणी आटोपत आली आहे आणि मृगाला अजून थोडा अवकाश आहे. मिनी ट्रॅक्टर खोलून बघायला एवढीच काय ती सवड. एकदा चिखलणी सुरू झाली की मेकॅनिक हाताशी लागत नाही आणि सुटे भाग मागवायचे तर दोन-चार दिवस मोडतात. म्हणून स्टीअरिंग कॉलमखाली, पेडलांच्या आसपास तेलाचा ओलावा दिसत असेल तर ‘पावसानंतर बघू’ म्हणू नका. तेलकट ब्रेक पेडलवरून पाय घसरतो. तेल पार उतरले तर स्टीअरिंग एकदम जड होते, आणि आपल्या कोकणातल्या उताराच्या, वळणाच्या पाणंदीत हे जिवावर बेतू शकते.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते ठरवा. तेल खाली ओघळते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच दोष असतो असे नाही. सगळा भाग डिझेलने धुऊन कोरडा पुसा, इंजिन मंद गतीवर चालवा, दुसऱ्याला स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि सगळ्यात वर ओल कुठे उमटते ते बघा. होज पाइप चाचपताना हात लावू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचे तेल बारीक भोकातून सुईसारखे कातडीत घुसते. जखम टिचभर दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावे लागते, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

ओल पाइपच्या नटाशी असेल तर नट आवळून किंवा तिथली ओ-रिंग (गोल रबरी कडी) बदलून काम भागते. कॉलम आणि त्याखालचे स्टीअरिंग युनिट यांच्या सांध्यातून तेल येत असेल तर बहुधा शाफ्टचे, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे, सील गेलेले असते. सील का गेले हेही शोधा, नाहीतर नवेही टिकणार नाही. परतीचा पाइप दबला किंवा फिल्टर तुंबला तर तेल मागे दाब धरते आणि तो दाब सीलवर येतो. दुसरे कारण आपल्या हवेतले आहे. खारा वारा आणि दमटपणा यांनी शाफ्टवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते आणि सीलची कड झिजते. शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकले तर नुसते सील बदलून उपयोग नाही.

काम सपाट जागी करा. इंजिन बंद करून स्टीअरिंग दोन-तीनदा दोन्हीकडे फिरवा म्हणजे उरलेला दाब निघेल. बॅटरीची वायर काढा, चाकांना ओट लावा. पाइप सोडण्याआधी प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळा. डावा-उजवा पाइप उलटा जोडला तर स्टीअरिंग डावीकडे वळवल्यावर चाके उजवीकडे जातात. उघडी तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका, त्यांचा धागा आत जातो.

काही युनिटांत सील वरूनच, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढून निघते. तेवढे काम सवय असलेला शेतकरी घरी करू शकतो. काहींत मात्र खालच्या बाजूने, रोटर (आतला फिरणारा दातेरी भाग) काढूनच तिथवर पोचता येते. असे युनिट घरी उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोटर आणि आतला शाफ्ट ठरावीक खुणेवरच बसवावे लागतात. एक दात चुकला तरी इंजिन चालू करताच स्टीअरिंग आपोआप गरगर फिरू शकते. ते काम सर्विस पुस्तिका जवळ असलेल्या मेकॅनिककडे द्या. वॉरंटी बाकी असेल तर आपण काहीच उघडू नका.

सील त्याच मॉडेलच्या किटमधले घ्या. बसवण्याआधी त्याला हायड्रॉलिक तेल लावा, शाफ्टच्या खाचांवर पातळ टेप गुंडाळा म्हणजे कड फाटणार नाही. सीलची ओठाची बाजू तेलाकडे ठेवा. गळती थांबवायला गॅस्केटची पेस्ट थापू नका. तिचे तुकडे सुटून आत व्हॉल्व्हमध्ये अडकतात. ब्रेक ऑइल तर चुकूनही भरू नका, त्याने सील फुगतात. तेल कोणते ते पुस्तिकेत बघा. काही ट्रॅक्टरना वेगळी टाकी असते, काहींत गिअरबॉक्सचेच तेल स्टीअरिंगला जाते.

मग हवा काढा. पुढची चाके जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेका. चिऱ्यावर टेकू नका, जांभा एका जागी भार आला की फुटतो. इंजिन मंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, टोकाला धरून ठेवू नका. तेलात फेस दिसतो तोवर आत हवा आहे. फेस बसला की पातळी भरा, पहिल्या दिवसाच्या कामानंतर सांधे पुन्हा तपासा.

काढलेले तेल पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.